भाऊचा पाय अन् प्रेमिलाचे हात

माहा मोठा भाऊ बळीराम चहा पिण्याआधी कप नाकाले लावे. वास घे, मंग ज्यानं चहा आणला त्याच्या तोंडाकडं पाहे, अन् मंगच एक घोट घे. मी त्याची सख्खी बहीण कांता, त्याच्या भिंतीले भिंत लागून राहणारी. माह्याही घरचा चहा तो असाच पिये. "काहून गा भाऊ, जहर टाकलं काय मी?" असं इचारलं तं म्हणे, "तसं नाई वं कांता. पाहून घेतलेलं बरं."

पाहून घेतलेलं बरं! माणसाचं अख्खं आयुष्य या एका वाक्यावर गेलं बाप्पा. भाजीवाल्याची तागडी तो खालून वाकून पाहे. कोणी दोन शब्द गोड बोललं की म्हणे, "याचं काय काम असन माह्याकडं?" छप्पन साली आम्ही साऱ्याईनं दीक्षा घेतली. घरातले देव गेले, अंगात येणं गेलं, करणी-कवटाळ गेलं. संशय तेवढा सोडायचा राहून गेला. माही वहिनी अंजनाबाई हासून म्हणे, "तुमच्या भावाले देव नाई, पण भूत हाय, अन् ते त्याईच्याच डोक्यात राह्यते."

आम्ही मूळचे काटोलकडच्या खेड्यातले. भाऊ जवानीत नागपूरले आला, इंदोऱ्यात खोली घेतली अन् कापडाच्या मिलमध्ये लूमवर लागला. दिवसभर उभं राहायचं काम. काही वर्षांत पोटऱ्याईच्या शिरा सुंभासारख्या फुगून वर आल्या. अशात एक दिवस लूमवरचा धोटा उडाला. धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडाचा ठोकळा, त्याच्या टोकाले लोखंड असते. तो भाऊच्या उजव्या घोट्याच्या वर बसला. जखम म्हणाल तं बोराएवढी. पण फुगलेल्या शिरांचा पाय तो, जखम काही मिटेना. भाऊचं म्हणणं, शेजारच्या लूमवाल्यानं मुद्दाम केलं. शेजारचा लूमवाला तं त्या दिवशी सुट्टीवर होता! तसं सांगितलं तं भाऊ म्हणे, "तेच तं म्हणतो मी. नेमकी त्याच दिवशी सुट्टी काहून घेतली त्यानं?"

ती जखम दुखे कमी अन् खाजे जास्त. दुखणं माणूस दात-ओठ खाऊन काढते. खाजेपुढं दात-ओठ खाऊन भागत नाई. जखमेभोवतालची कातडी काळी पडली होती, कांद्याच्या पापुद्र्यावानी पातळ, अन् तिच्यातून पाणी झिरपे. दिवेलागण झाली की खाज सुरू. भाऊ बाजेच्या सुंभावर पाय घासे, फणीच्या पाठीनं खाजवे, रक्त निघे, मंग साऱ्या दुनियेले शिव्या घाले. अन् येणारा-जाणारा जो तो शहाणा म्हणे, "खाज सुटली काय? मंग भरून राहिली जखम!" वर्षानुवर्षं भरून राहिली ती जखम. खरंच एवढी भरली असती तं तिच्यावर दुसरा मजला चढला असता.

दवाखान्यात सांगितलं होतं, पाय वर ठेवून बसत जा, जखम स्वच्छ ठेवा, वरून घट्ट पट्टी बांधा, खाजवू नका. शेवटचं सोडून बाकी सारं वहिनीनं सांभाळलं. मांजरपाटाच्या लांब लांब पट्ट्या ती कडुनिंबाच्या पाल्यात उकळे, उन्हात कडक वाळवे अन् सकाळी उठल्या उठल्या पाय धुऊन बांधून दे. वहिनीवर तेवढा भाऊचा भरोसा होता. मंग एका पावसाळ्यात ती काविळीनं गेली. मिलनं भाऊले लूमवरून काढून गेटवर वॉचमन केलं, अन् पाय आला सुनेच्या हाती.

सून म्हणजे प्रेमिला, नत्थूची बायको. हुडकेश्वरची पोरगी, तेव्हा तिकडं नुसती वावरं होती. सातवी शिकलेली, बोलणं मोजकं, हात कामाले पक्के. त्या पायाले वास ये. मी बहीण असून मले तो सहन नसे होत, खोटं काहून बोलू? प्रेमिलानं कधी नाकाले पदर लावला नाई. पाल्यात पट्ट्या उकळणं, वाळवणं, बांधणं, सासूनं केलं तसंच केलं तिनं.

मंग आला मे महिना. नागपूरचा मे काय असते ते का सांगायले पाहिजे? पट्टीच्या आत घामाचा चिखल होये, अन् खाज अशी वाढली की भाऊ बाजेवर नुसता तळमळे. नेमकी त्याच हप्त्यात प्रेमिला माहेरून आली होती अन् बियाण्यासाठी वालाच्या वाळल्या शेंगा घेऊन आली होती. तिनं त्या आंगणात पसरल्या. भाऊनं बाजेवरून त्या पाह्यल्या, झालं! कावळा बसायले अन् फांदी तुटायले एकच गाठ पडली.

मले हळूच बोलावून म्हणे, "कांता, त्या शेंगा पाह्यल्या तू? खाजकुयरी हाय ती. तिची लव पट्टीवर झटकते ही."

मी शेंग उचलून त्याच्या नाकाशी धरली. "वाल हाय गा भाऊ! खाजकुयरी असती तं मी इथं उभी राहिली असती काय? अंग ओरबाडत आंगणभर नाचली नसती?"

"ही वरची वालाची. खालच्या पाह्यल्या काय तू?"

"साऱ्या नागपूरले घामोळ्या आल्या, त्या काय प्रेमिलानं वाटल्या? रोग रेड्याले अन् इलाज पखालीले! आंघोळ कर, पायाले हवा लागू दे."

"मी मेलो तं समोरची खोली मोकळी होते तिले," भाऊ म्हणे. "मी करणी म्हणून राहिलो काय? करणी मी मानत नाई. हे पावडरचं काम हाय."

म्हणजे पाहा! दीक्षेले बाध येऊ न देता त्यानं संशयाची बरोबर सोय लावून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पट्ट्या प्रेमिलाच्या हातातून काढून घेतल्या. पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली करदोड्याले बांधली. सकाळी स्वतःच नळावर पट्ट्या खळखळून घे अन् मंग चौकातल्या लाँड्रीत देऊन ये. लाँड्री मारोतराव वरठ्याची. त्याले सांगितलं, "वॉचमनच्या पायपट्ट्या हायेत, भट्टीत टाकून द्या."

या लाँड्रीचं भाऊले भारी कवतिक होतं, अन् त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाई. आमच्या गावात वरठी आमचे कपडे घेत नसत. माय नदीच्या खालच्या अंगाले, साऱ्याईचं धुणं झाल्यावर, आमचे कपडे धुये. नागपुरात भाऊनं पहिल्यांदा मारोतरावच्या ओट्यावर सदरा ठेवला तं त्यानं जात इचारली नाई, गाव इचारलं नाई. सुई बुडवली अन् कॉलरवर काळी निशाणी टाकली. तीन ठिपके अन् खाली एक आडवी रेघ. प्रत्येक घरची निशाणी वेगळी असते, ही आमच्या घरची. त्या दिवशी भाऊ सदरा घेऊन माह्याकडं आला अन् कॉलर उलटी करून म्हणे, "पाह्य वं कांता. आपली निशाणी." त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मीही रडली.

तीच निशाणी आता पट्ट्याईच्या टोकावर आली. भाऊ पट्टी बांधायले बसला की आधी टोक पाहे. तीन ठिपके अन् रेघ दिसली म्हणजे पट्टी आपलीच, कोणी बदलली नाई. मंग तेच टोक जखमेच्या वर नडगीवर अंगठ्यानं दाबून धरे अन् वरून वेढे घाले. पाहून घेतलेलं बरं ना!

अन् खाज? ती कमी व्हायले पाहिजे होती ना? ती दुप्पट झाली. पहिले जखमेच्या काठानं खाजे, आता वर नडगीवर आग उठली. फोड आले, फोडाईतून पाणी आलं. भाऊ म्हणे, "पेटी उघडते ती. दुसरी किल्ली केली तिनं." कुलपात केस अडकवून ठेवे अन् सकाळी केस दिसला नाई की घर डोक्यावर घे. लू सुटली होती, दाराच्या फटीतून धूळ येऊन राहिली होती, तिथं केस राह्यते काय? पण सांगावं कोणाले?

घरात प्रेमिलाचा चहा बंद झाला, भाजी बंद झाली. तिनं ताट ठेवलं की भाऊ नत्थूले म्हणे, "आधी तू खा." नत्थू रेल्वेच्या मालधक्क्यावर काम करे. पोऱ्या सोन्यासारखा, पण कणा नाई. बापाकडं पाहे, बायकोकडं पाहे, अन् खाली मुंडी घालून खाये. मले त्याच्या दोन थोबाडीत द्याव्या वाटे.

शेवटी फोड पाहून भाऊ दवाखान्यात गेला. तिथला कंपाउंडर पाय पाहून म्हणे, "बाबा, बिबा लावला काय याले? हे बिबा उतल्यासारखं दिसते, त्याच्या तेलानं असेच फोड येतात."

झालं! भाऊ लंगडत घरी आला, पण चेहऱ्यावर असा आनंद की जसा काही पाय बरा झाला. प्रेमिलाच्या फळीवरची डबी उचलून त्यानं आंगणात आपटली. बिबे गडगडत गेले. आता टाचेच्या भेगाईले गरम सुईनं बिब्याचं तेल लावणं ही काय नवी गोष्ट हाय? इंदोऱ्यात कोणाच्या घरी बिबा नाई ते दाखवा मले. माह्याही घरी होते. मी तसं ओरडून सांगितलं. भाऊ म्हणे, "तुह्या घरच्या बिब्यानं माहा पाय नाई उतला."

अन् साऱ्या मोहल्ल्यापुढं त्यानं नत्थूले म्हटलं, "या घरात ही राहीन नाई तं मी. रविवारी विहारात बैठक बोलाव. फारकती करून टाक."

नत्थू दाराच्या चौकटीचा रंग नखानं खरडत राहिला. "बैठक बोलावतो," एवढंच बोलला. बायकोकडं त्यानं पाह्यलंही नाई.

प्रेमिलाले वाटलं असतं तं हुडकेश्वरले निघून गेली असती. बाप घ्यायलेही आला. पण ती आपली पेटी घेऊन माह्या घरी आली. "आत्याबाई, मी अशी गेली तं जन्मभर सासऱ्याले बिबा लावणारी म्हणून राहीन. माह्या लहान बहिणीचं लग्न व्हायचं हाय. नाव धुऊन मंग जायचं तं जाईन." डोळ्यात टिपूस नाई. मले तिची भीतीच वाटली.

सुनेले काढल्यावर तरी खाज थांबली काय? नाई. "आधीचं लावलेलं भिनलं," भाऊ म्हणे. त्याच्यापाशी साऱ्याचं उत्तर होतं.

शनिवारी त्यानं मले लाँड्रीतून पट्ट्या आणायले सांगितलं, त्याच्यानं चालवत नव्हतं. लाँड्रीत मारोतराव दुसऱ्या कोणाच्या चादरीवर निशाणी टाकत बसला होता. मी पट्ट्या आणल्या अन् माह्या बाजेवर ठेवल्या. प्रेमिलानं हात लावला नाई. दुरूनच पाहत राहिली, मंग म्हणे, "आत्याबाई, मामाजी पट्टी कोणत्या टोकाकडून बांधतात?"

"निशाणीकडून. आधी निशाणी पाह्यते, मंग तीच पायावर दाबून धरते."

"अन् मारोतराव निशाणी कायनं टाकतात?"

बिब्यानं! बिब्याचा डाग कपड्यावरून कधी जात नाई, म्हणून तं वरठी तोच वापरतात. हे का मले माहीत नव्हतं? सदऱ्याची निशाणी कॉलरच्या घडीत, अंगाले लागत नाई. पट्टीची निशाणी चोवीस तास घामेजल्या कातडीले चिकटलेली, अन् कातडी ती अशी नाजूक! मी पदर खोचला, "आत्ता जाते अन् भाऊच्या तोंडावर फेकते!"

प्रेमिलानं माहा हात धरला. "नाई आत्याबाई. त्याईनं साऱ्यापुढं म्हटलं. साऱ्यापुढंच निघू द्या."

रविवारी विहार भरलं. बाया एका अंगाले, माणसं एका अंगाले. धोंडबाजी आमच्यातले वडीलधारे, ते मधात बसले. भाऊनं सारं सांगितलं, शेंगा, केस, किल्ली, कंपाउंडर. ऐकून चार बाया प्रेमिलापासून सरकून बसल्या, मी पाह्यलं ना. धोंडबाजी म्हणे, "बोल पोरी, तुले काय म्हणायचं हाय?"

"काही नाई," प्रेमिला म्हणे. "मामाजीनं पट्टी सोडावी."

"काहून सोडू?" भाऊ भडकला. "पुन्हा काही टाकायचं असन!"

"मी जवळही येत नाई. तुम्हीच सोडा." तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले अन् मांडीवर दाबून धरले.

धोंडबाजीनं मान हालवली तेव्हा भाऊ पट्टी सोडायले लागला. एकेक वेढा निघे अन् तो मधातच खाजवे. शेवटचा वेढा निघाला. नडगीवर तीन फोड, एका ओळीत, पाण्यानं टरारलेले. अन् त्याईच्या खाली लाल सुजलेली आडवी रेघ.

"आता ते टोक त्याच्यावर ठेवा," प्रेमिला म्हणे.

भाऊनं टोक ठेवलं. ठिपक्यावर ठिपका बसला. रेघेवर रेघ बसली. हातच्या काकणाले आरसा कायले? धोंडबाजी वाकले, त्याईनं चश्मा वर केला अन् म्हणे, "अरे बळीराम, ही तं मारोतरावची निशाणी हाय!"

भाऊ पायाकडं पाहत राहिला. मी त्याच्यावर जाम चिडली होती, तरी मले तो सदरा आठवला. ज्या निशाणीसाठी त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं, तिनंच त्याले उतवलं होतं. अन् ती अंगाले लावून घेतली कोणं? त्यानंच, रोज, आपल्या अंगठ्यानं दाबून.

भाऊनं मान वर केली. मले वाटलं आता माफी मागते. तं म्हणे, "पण मारोतरावले हे करायले कोणं सांगितलं असन?"

सारं विहार हासलं. धोंडबाजी हासले, नत्थू हासला, मलेही हासू आवरलं नाई. प्रेमिला हासली नाई.

"बळीराम," धोंडबाजी मंग कडक आवाजात बोलले, "पोरीची माफी माग."

"चुकलो," भाऊ म्हणे. जमिनीकडं पाहून म्हणे.

प्रेमिला उठली, माह्या घरून आपली पेटी घेतली अन् सासरच्या दारातून आत गेली. नत्थू पेटी घ्यायले पुढं आला, तिनं दिली नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम पाहायले गेली. प्रेमिलानं पाल्यात नव्या कोऱ्या पट्ट्या उकळल्या होत्या. पाणी घेऊन ती भाऊच्या पायापाशी बसली अन् पायाले हात लावायच्या आधी तिनं दोन्ही तळहात त्याच्यापुढं धरले. मंग उलटे केले. बोटं फाकवून दाखवली.

"आधी पाहून घ्या, मामाजी."

अन् त्या माणसानं पाह्यले! वाकून, नखाईसकट पाह्यले. मंग म्हणे, "हं."

पट्ट्या लाँड्रीत जाणं बंद झालं, तसे नडगीवरचे फोड वाळले. जुनी खाज मात्र आपल्या जागेवर परत आली. ती जुन्या जखमेच्या सोबतीची, ती जाते कुठी? दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं होतं, भोवतालची कातडी कोरडी पुसा, साधं खोबरेल लावा, खाज आली तं नखं नका लावू, थंड ओला कपडा ठेवा. दिवेलागणीले भाऊ तळमळायले लागला की प्रेमिला ओला कपडा घेऊन ये. अन् कपडा ठेवायच्या आधी पुन्हा दोन्ही हात पुढं धरे. "पाहून घ्या, मामाजी."

अशी वर्षं गेली. तिले दोन पोरं झाली, ती विहारातल्या बालवाडीत शिकवायले लागली. भाऊ मिलमधून घरी बसला. हात दाखवणं काही चुकलं नाई. एकदा मी भाऊले झापलं, "लाज नाई वाटत तुले, रोज पाहतो तो?" तं म्हणे, "ती दाखवते तं पाहतो. मी म्हटलं काय तिले, दाखव म्हणून?" मंग मी प्रेमिलाले म्हटलं, "पुरे कर वं आता. किती दिवस टोचशीन त्याले?"

"मी नाई पुरं करणार, आत्याबाई," ती म्हणे. "त्याईनं करावं."

एका हिवाळ्यात भाऊ लई थकला. डोळ्याले दिसे, पण उठून बसवत नसे. सकाळी मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेली, टेका देऊन त्याले बसवलं. त्यानं कप नाकाले लावला, वास घेतला, माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् मंग घोट घेतला. माह्यावर काही त्याचा अजून भरोसा बसला नव्हता! तेवढ्यात प्रेमिला पाणी घेऊन आली, पायापाशी बसली अन् तिनं हात पुढं धरले.

"पाहून घ्या, मामाजी."

भाऊनं डोळे मिटून घेतले.

तिले वाटलं त्याले ऐकू नाई आलं. तिनं हात आणखी जवळ नेले. "मामाजी, हात."

त्यानं डोळे उघडले नाई. पाय तेवढा तिच्याकडं सरकवला. "बांध वं माय," म्हणे.

प्रेमिला जराशी तशीच बसून राहिली, हात हवेतच. मंग तिनं पाय धुतला, पुसला, तेल लावलं, पट्टी बांधली. नेहमीपेक्षा सावकाश बांधली. भांडं उचललं, मोरीत पाणी ओतलं, हात धुतले, अन् माह्या घरी येऊन चुलीपाशी बसली. घरातून काढलं तेव्हा ही पोरगी रडली नव्हती. बैठकीत रडली नव्हती. त्या दिवशी पदर तोंडात कोंबून ती अशी रडली की मी घाबरून दार लोटून घेतलं.